चुलीपासून सुकाणूपर्यंत

मांडवीला मुसा होडेकराची टिंगल करायची तर फारशी अक्कल लागत नसे. त्याला काहीही विचारावं आणि गंमत बघावी. उद्या वारा धरील का, मशिदीच्या पडवीवर नळे घालावेत की पत्रा, या सुरमईला एवढा भाव द्यावा का, प्रश्न कसलाही असो, मुसा आधी आजूबाजूला बघायचा. जमलेल्यांत ज्याच्या शब्दाला सगळ्यांत कमी किंमत असेल असा माणूस हेरायचा आणि म्हणायचा, "आदी त्येला इचारा." मग तो माणूस बोलेपर्यंत स्वतः ओठ मिटून बसायचा. मुसाला घराची वाट विचारली तर तो कोंबडीला विचारील, असं लोक म्हणत. मुलीच्या, रझियाच्या सोयरिकीच्या बैठकीत त्याने पाहुण्यांसमोर आधी तिलाच विचारलं आणि ती बोलेपर्यंत सगळ्यांचा चहा निवत ठेवला, ही गोष्ट तर पलीकडच्या राजिवड्यापर्यंत गाजली होती.

माणूस असा जन्माला येत नाही. मुसा तर मुळात अगदी उलट होता.

पहिली मोठी लढाई संपली त्या सुमारास तो मुंबईला जाऊन आगबोटीवर खलाशी लागला. आगबोट म्हणजे पाण्यावर तरंगणारी उतरंड. सगळ्यांत वर कप्तान, त्याच्याखाली मेटसाहेब, त्याच्याखाली सारंग, सारंगाखाली टिंडेल आणि तळाच्या मडक्यात मुसासारखे. प्रत्येकाने बोलायचं ते आपल्या लगेच वरच्याशी. मधली पायरी ओलांडली की बोलणं खरं असो की खोटं, पाठीत धपका ठरलेला.

एकदा संकटात सोडायच्या होडीचा दोर कुजलेला मुसाने बघितला. तो टिंडेलाला म्हणाला, "दोर कुजलाय, तुटनार." टिंडेलाने सारंगाला सांगितलं की दोर जुना झालाय. सारंग मेटसाहेबाला म्हणाला की दोर सवडीने बघून घ्यायला हरकत नाही. मेटसाहेबाने कप्तानाला कळवलं की होड्या ठीक आहेत. यात खोटं तसं कुणीच बोललं नव्हतं. वरच्याच्या कपाळाला आठी पडू नये, एवढंच प्रत्येकाने बघितलं होतं.

पुढे बंदरात कवायतीसाठी होडी सोडली तेव्हा दोर तुटला, होडी एका टोकावर लोंबकळली आणि पाण्यात आपटली. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. चौकशी मात्र वरून सुरू झाली आणि पायरी पायरी खाली आली. बातमी वर जाताना पातळ होत गेली होती, दोष खाली येताना दाट होत आला. मुसाची रवानगी कोळशाच्या कोठीत झाली. तिथे काळं होता होता तो एक गोष्ट शिकला. डोळे असतील ते असोत, तोंडाने फक्त "हां साब" म्हणावं. या विद्येवर त्याची आगबोटीवरची पुढची वर्षं सुखात गेली.

मग बाप वारला, घरी कुणी पुरुष उरला नाही, आणि मुसा मांडवीला परतला. करीम नाखवाने त्याला आपल्या शिडाच्या मचव्यावर घेतलं. मचव्याचं नाव "सलामती". मालकही करीम आणि सुकाणूही करीमच्या हाती. आंबे, नळे, काथ्या मुंबईला न्यायचा, येताना धान्य नि कापड आणायचं. मचव्यावर हातावर मोजण्याइतकी माणसं. त्यांत मुसाचा मेहुणा इसाक होता, त्याच्या बायकोचा, मरियमचा, एकुलता एक भाऊ. आणि चुलीपाशी आदममामू. आदममामूला ना बायको ना पोर. दात गेलेले, तंबाखू मात्र राहिलेली. मचव्यावरच रांधायचा, मचव्यावरच झोपायचा. दर्जाने सगळ्यांत खालचा तोच, कारण जो ना शीड ओढतो ना वल्हं मारतो त्याला खलाशी कशाला मोजतील?

करीम नाखवाची एक रीत होती. आजापासून चालत आलेली, असं तो सांगे. खरं-खोटं दर्या जाणे. कुठलंही बंदर सोडायच्या आधी तो सगळ्यांना डोलकाठीपाशी बसवायचा आणि निघावं की थांबावं हे एकेकाला विचारायचा. सुरुवात आदममामूपासून. मग दोर धरणारे, मग शिडावरचे, आणि अगदी शेवटी तो स्वतः.

"आदी चूल बोलंल," तो म्हणायचा, "मंग दोर, मंग शीड. सुकानू सगल्यांच्या मागनं."

पहिल्याच खेपेला मुसाची पाळी आली तेव्हा त्याने आगबोटीवरची मान लववली. "तुमी म्हनाल तसं, नाखवा."

"मी अजून कायच म्हटलं नाय," करीम म्हणाला. "खायला तोंड उघडतोस ना? मंग बोलायलाबी उघड."

मुसाला ही सारी पोरखेळाची गंमत वाटली. आदममामूचे नकार ऐकून तर त्याला हसू आवरेना. आज कालवण पातळ झालंय, लाटेत सांडेल, म्हणून निघू नये. आज गुडघा दुखतोय. आज एक कावळा तीनदा डोलकाठीवर बसला. करीम सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि बहुतेक वेळा शेवटी म्हणायचा, "उचला नांगर." आदममामूही मुकाट चूल विझवायला जायचा, राग नाही की रुसवा नाही.

एकदा न राहवून मुसाने विचारलं, "नाखवा, करायचं तुमच्या मनानंच, तर इचारता कशाला?"

"निर्नय माजाच हाय रं. पन माजं तोंड उघडलं की तुमची मिटतात. म्हनून मी शेवटी. आनि आदम आज कालवनाची तक्रार सांगतोय, म्हनूनच उद्या मचव्याच्या भोकाची सांगंल."

मुसाला हे पटायला दोन-तीन हंगाम गेले. कोळशाच्या कोठीत शिकलेलं सहजी धुऊन जात नाही. पण हळूहळू त्याची जीभ सैल झाली. एकदा तर त्याने करीमला तोंडावर सांगितलं की तुमची नजर कमी झालीय, संध्याकाळचं बंदरात शिरू नका. करीम रागावला, दिवसभर बोलला नाही, आणि शेवटी बाहेरच नांगर टाकून राहिला. त्याच्या डोळ्यांत खरंच मोतीबिंदू धरला होता. पुढे दिसेनासं झालं तेव्हा त्याने सुकाणू मुसाच्या हाती दिलं. मुसाहून जुने खलाशी मचव्यावर होते, ते कुरकुरले. करीम एवढंच म्हणाला, "ह्येनं मला आंधला म्हटलं. तुमी कुनी म्हटलंत?"

मुसा तांडेल झाला. मरियम म्हणाली की आता हे घरातसुद्धा सुकाणू धरल्यासारखे चालतात. तो हसला, पण चाल काही बदलली नाही. जन्मभर उतरंडीच्या तळाला राहिलेला माणूस वर चढला की काही दिवस तरी त्याला ते मिरवावंसं वाटणारच. त्यात मुसाचं मोठं पाप होतं असं नाही.

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे बत्तीस साली, आंब्याची अखेरची खेप लांबली. व्यापाऱ्याने माल उशिरा भरला, मुंबईत उतरवायला उशीर झाला, आणि "सलामती" परतीच्या वाटेवर जयगडच्या खाडीत शिरली तेव्हा मांडवीचे बाकीचे मचवे घरी पोचून किनाऱ्यावर ओढलेही गेले होते. पावसाळ्याआधी मचवा आपल्या किनाऱ्यावर ओढायचा, झापांनी शाकारायचा आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं, हा शिरस्ता. परक्या बंदरात मचवा शाकारायची पाळी येणं म्हणजे तांडेलाच्या तोंडाला काळं. निघताना करीमने मुसाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "मचवा घरी शाकार बाबा." आंधळ्या म्हाताऱ्याचं ते बोलणं मुसाच्या डोक्यात घण घालत होतं.

सकाळी जयगडला आभाळ दक्षिणेकडे काळवंडलं होतं. फार नाही. वारा अधूनमधून पडत होता, पुन्हा उठत होता. जयगडहून मांडवी म्हणजे अर्ध्या दिवसाची वाट. गेलं तर आजच, नाहीतर मचवा इथेच अडकायचा.

मुसाने सगळ्यांना डोलकाठीपाशी बसवलं. रीत मोडायचा विचार त्याच्या मनातसुद्धा नव्हता. पण सगळे बसले, सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागले, आणि तांडेलपणाचा तो भरलेला क्षण त्याच्याने गिळवेना.

"दुपारपर्यंत मांडवी दिसंल," तो बोलून गेला. आणि मग रीतसर वळून म्हणाला, "आदममामू, तुमी बोला."

आदममामूने तंबाखू या गालातून त्या गालात केली. एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा मुसाकडे.

"तांडेल म्हनतोय तर दिसंल," तो म्हणाला.

पुढच्याने आदममामूकडे बघितलं आणि मान हलवली. त्याच्या पुढच्यानेही. इसाक म्हणाला, "चला, भावजी." मुसाला फार बरं वाटलं. करीमच्या वेळी कधी नव्हतं इतकं एकमत झालं होतं. त्याने नांगर उचलायला सांगितला.

आरे-वारेच्या समोर वाऱ्याने त्यांना गाठलं. शीड उतरवायच्या आत फाटलं, डोलकाठी मोडली आणि "सलामती" काळबादेवी गावाच्या बाजूला खडकांवर गेली. गावातली माणसं दोर घेऊन पाण्यात उतरली. एकेकाला ओढून काढलं. इसाकच्या खांद्याचं हाड मोडलं, दुसऱ्या कुणाचं कपाळ फुटलं, पण त्यांचे जीव वाचले. आदममामूला पोहता येत नव्हतं. तो ओहोटीला सापडला.

त्याला तिथेच वाळूपलीकडे माती दिली. मग मुसा किनाऱ्यावर फिरत राहिला. फळ्या, दोर, धान्याची फुटकी पोती, मचव्याचं जे जे दर्याने ओकलं ते ते बघत. आणि तिथे त्याला सरपणाचा एक भारा सापडला. ताजी तोडलेली ऐनाची लाकडं, वेलाने घट्ट बांधलेली. ही गाठ आदममामूचीच. भारा त्याने पहाटे जयगडला घेतला असणार. खाडीतून वरच्या रानातलं सरपण तिथे उतरतं.

मुसा त्या भाऱ्याशेजारी बसला. दुपारी घरी पोचणारा माणूस पहाटे एवढं सरपण कशाला घेईल? ज्याला पुढचे कितीतरी दिवस जयगडला चूल पेटवायचीय तोच घेईल. आदममामूचं उत्तर तोंडावाटे आलं नव्हतं, पण ते होतं, आणि ते मुसाच्या समोर ओलं पडलं होतं. तो भारा खांद्यावर टाकून त्याने घरी आणला आणि पडवीत भिंतीला लावून ठेवला. त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी मरियमला ताकीद दिली.

जमातीची बैठक बसली. एकेकाला विचारलं. सगळ्यांनी सांगितलं की तांडेलाने रीत पाळली, सगळ्यांना विचारलं, सगळे हो म्हणाले. मोठ्यांनी दाढ्या कुरवाळल्या. दर्याची मर्जी, मुसाचा दोष नाही, असं ठरत आलं.

तेव्हा करीमने, ज्याचा मचवा गेला होता त्या आंधळ्या म्हाताऱ्याने, विचारलं, "मनात काय व्हतं तुमच्या?"

इसाक आधी बोलला. खांदा बांधलेला, नजर खाली. "थांबावं आसं वाटत व्हतं. पन भावजी बोलले, मामू हो म्हनले. मंग मी कोन?" मग दुसऱ्यालाही तसंच वाटत होतं, तिसऱ्यालाही. आता हे कितपत खरं मानायचं? मचवा फुटल्यावर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं. पण मुसाला त्यांच्या साक्षीची गरज नव्हती. त्याच्या पडवीत भारा होता.

तो उभा राहिला आणि म्हणाला, "हो सगल्यांनी म्हटलं. पन ती मानसं बोलत नव्हती. मीच येकटा सगल्यांच्या तोंडानं बोलत व्हतो." आणि खाली बसून रडला. जमातीने त्याला पाणी दिलं आणि दोष नाही हाच निवाडा कायम ठेवला.

मचवा बुडवलेला तांडेल पुन्हा कोण घेतो? पण पुढे करीमच्या भाच्याने नवा मचवा बांधला तेव्हा करीमने मुसाचंच नाव काढलं. भाचा बिचकला. म्हातारा म्हणाला, "ह्येला चूक कलली हाय. नव्याला ती शिकवायला आनखी येक मचवा कुठनं आनू?" त्यानंतर काही महिन्यांनी करीम गेला.

मुसा पुन्हा सुकाणूवर बसला. चुलीपासून सुकाणूपर्यंत विचारायची रीत त्याने चालू ठेवली, पण त्याचा जीव आता तिच्यात नव्हता. तोंडं खोटं बोलतात, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्यामुळे तो विचारायचा खरा, पण लक्ष दुसरीकडेच. चुलीवरचा माणूस पाणी किती भरतोय, सरपण घेतोय की नाही, खलाशी अंथरुणं बांधतायत की सोडतायत, हे तो चोरून बघायचा आणि त्यावरून ठरवायचा. आपण आता माणसाच्या मनातलं वाचतो, असा त्याला थोडा ताठाही आला होता.

आणि मग एका वर्षी पुन्हा तेच जयगड, पुन्हा अखेरची खेप, पुन्हा दक्षिणेला काळपट आभाळ. मुसा सकाळी उठून बघतो तर चुलीवरचा उस्मान किनाऱ्यावरून सरपणाचा भारा मचव्यावर चढवतोय.

या खेपेला मुसाने कुणालाही डोलकाठीपाशी बसवलं नाही. "नांगर ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मचवा हितंच शाकारायचा." खलाशांनी एकमेकांकडे बघितलं. पण तांडेलाचा चेहरा बघून ते झापं आणायला गेले.

त्या दिवशी वारा उठलाच नाही. आभाळ दुपारी उघडलं. जयगडहून त्याच सकाळी निघालेले दोन मचवे सुखरूप मांडवीला लागले, आणि मुसाची मंडळी मचव्यावर झापं चढवून दुसऱ्या पहाटे डोंगरवाटेने पायी घराकडे निघाली. वाटेत सगळ्यांच्या मागे उस्मान, डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन, धापा टाकत, पुटपुटत.

चढावर मुसा त्याच्यासाठी थांबला. "टाक की त्यो भारा. चूल तर मागं ऱ्हायली."

"टाकू कशाला? पावसाच्या आगोटीसाठी घेतलाय, बायकोनं सांगितलं म्हनून. हितं सस्तं मिलतं." उस्मानने भारा कातळावर आदळला. "दुपारी मचवा दारात लागनार, सरपान अलगद घरी, म्हनून घेतला. आता ह्यो मानेचा काटा ढिला झाला."

मुसाने त्या भाऱ्याकडे बघितलं.

"म्हंजे जायचं व्हतं तुला? थांबावं आसं नव्हतं वाटत?"

"मला कुनी इचारलं कुठं, तांडेल?" उस्मान म्हणाला, आणि घाम पुसून त्याने भारा पुन्हा डोक्यावर घेतला.

मुसा तिथेच कातळावर बसला. बाकीचे पुढे गेले. आदममामूला बायको नव्हती, घर नव्हतं, हे खरं. पण मांडवीला पोचल्यावर पावसाभर तो कुणाच्या तरी पडवीत राहायचाच, आणि रिकाम्या हाताने जाणाऱ्यातला तो नव्हता. भारा थांबण्यासाठी होता की कुणाच्या चुलीसाठी, हे आता कळायची वाट उरली नव्हती. ते कळण्याची एकच वेळ होती. डोलकाठीपाशी बसलेला म्हातारा तंबाखू या गालातून त्या गालात करत होता ती. तेव्हा मुसाने ओठ मिटून धरायला हवे होते, तेवढंच.

घरी आला तेव्हा दिवस कलला होता. वाटेत लोकांनी मचवा कुठे ठेवलास म्हणून विचारून घेतलं, हसून घेतलं. मरियमने पाय धुवायला पाणी दिलं. ती पडवीत पावसासाठी सरपण रचत होती. आदममामूचा तो भारा मध्ये आडवा येत होता. इतक्या वर्षांत वाळून हलका झालेला, वेल झडलेला. तिने सवयीने त्याला वळसा घातला.

"ह्येचं काय करावं, मरियम?" मुसाने विचारलं.

ती थबकली. हा प्रश्न त्याने तिला कधी घातला नव्हता. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यावरून काही कळतंय का ते शोधलं. "तुमी सांगाल तसं," ती म्हणाली.

"मी शेवटी सांगनार. आदी तू."

मुसा ओठ मिटून उंबऱ्यावर बसला. मरियमने हातातली लाकडं रचून ठेवली, तरी तो बोलला नाही.

"मला वाटतं जालावा," अखेर ती म्हणाली. "मामूनं चुलीसाठीच घेतला व्हता. कुनाच्या का असंना."

मुसाने मान हलवली. त्या संध्याकाळी आदममामूच्या लाकडांवर भात शिजला. वाळलेली लाकडं भराभर पेटली, धूर अजिबात झाला नाही. मरियमने वाढलं आणि मुसा जेवायला बसला.